अ‍ॅस्टर फोडला, पण काम कुठे संपलं? : नेसम यांचा १९९४ चा लेख वाचताना

दसरा-दिवाळीला फुलबाजारात गेलात की झेंडू आणि शेवंतीच्या शेजारी अ‍ॅस्टरचे ढीग दिसतात. पांढरा, गुलाबी, जांभळा. विकणारा त्याला अ‍ॅस्टर म्हणतो, पिकवणारा शेतकरीही अ‍ॅस्टरच म्हणतो, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश' मालिकेतले वाणही याच नावाने ओळखले जातात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मात्र हे फूल अ‍ॅस्टर नाही. तिथे ते कॅलिस्टेफस चायनेन्सिस आहे. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला अ‍ॅस्टर चायनेन्सिस म्हटलं होतं, पुढे एकोणिसाव्या शतकात ते वेगळ्या प्रजातीत गेलं. बाजाराने जुनं नाव ठेवलं, शास्त्राने नवं घेतलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

उत्तर अमेरिकेतल्या रानटी अ‍ॅस्टरच्या बाबतीत प्रकरण इतक्या सहज मिटलं नाही. १९९० च्या दशकापर्यंत तिथल्या बहुतेक पुस्तकांत अ‍ॅस्टर नावाची एक प्रचंड मोठी प्रजाती होती. आज त्या खंडात मूळची म्हणावी अशी खऱ्या अर्थाने 'अ‍ॅस्टर' असलेली जाती जवळपास एकच उरली आहे, अ‍ॅस्टर अल्पायनस. बाकीच्या सगळ्या सिम्फायोट्रायकम, युरिबिया, डोलिंजेरिया, ओक्लेमिना, आयोनॅक्टिस अशा डझनभर प्रजातींत वाटल्या गेल्या. या वाटणीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे गाय नेसम यांचा फायटोलॉजिया या नियतकालिकाच्या ७७ व्या खंडातला दीडशेहून जास्त पानांचा लेख. आज त्याच लेखाबद्दल बोलू.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पेट किंवा नेटनंतर विषय निवडताना हा प्रश्न ऐकावा लागला असेल: 'नुसती नावं बदलण्याला रिसर्च म्हणतात का?' घरचे विचारतात, बायोटेकवाले मित्रही विचारतात. यावर चिडून उपयोग नाही. एखादं चांगलं नामांतर हातात घेऊन त्यात संशोधन किती आणि कारकुनी किती, हे तपासलं पाहिजे. नेसम यांचा लेख त्यासाठी फार योग्य आहे, कारण त्याचा बराचसा निष्कर्ष टिकला, आणि तरीही त्याने सगळ्यात अवघड काम तसंच बाकी ठेवलं.

(शब्दांचा घोळ नको म्हणून: या पोस्टमध्ये प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. मराठी विश्वकोशाची हीच पद्धत आहे. वर्तमानपत्रांत बऱ्याचदा उलटं छापतात.)

आधी भांडण कशाचं होतं ते बघा

अ‍ॅस्टरचं 'फूल' म्हणजे खरं तर फुलांचा गुच्छ असतो. मध्ये पिवळी बारीक पुष्पकं, कडेने जांभळी-पांढरी किरणांसारखी पुष्पकं, खाली हिरव्या छदांची वाटी. सुक्या फळाच्या टोकाला केसांचा झुपका, त्याला पॅपस म्हणतात. सूर्यफुलाच्या कुलात हा साचा शेकडो वेळा दिसतो. मग अ‍ॅस्टर कोण? पिढ्यान् पिढ्या उत्तर साधारण असं होतं: ज्याची किरणं पिवळी नाहीत, पॅपस केसाळ आहे आणि जे शेजारच्या दुसऱ्या कुठल्या प्रजातीत नीट बसत नाही, ते अ‍ॅस्टर.

हे उत्तर पुन्हा वाचा. त्यातला शेवटचा भाग घरातल्या माळ्यासारखा आहे. जे कुठेच ठेवता येत नाही ते माळ्यावर टाकायचं. माळ्यावरच्या वस्तूंचं एकमेकांशी नातं असायलाच हवं असं नाही, त्या फक्त एका जागी असतात. एशा ग्रे हे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेचे सगळ्यात मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. 'सिनॉप्टिकल फ्लोरा'च्या १८८४ च्या भागासाठी ते या कुलावर काम करत होते, तेव्हा अ‍ॅस्टरने आपल्याला जेरीस आणलं आणि यातल्या जातींच्या सीमा आपल्याला ठरवता येत नाहीत, अशी कबुली त्यांनी खासगी पत्रात दिली होती. ही कबुली लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ. ग्रे अडले होते ते जातींपाशी. नेसम यांनी सोडवला तो प्रश्न प्रजातींचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बहुतेक चर्चेत ते एकच समजले जातात.

नेसम यांनी काय केलं

लेखाचं शीर्षक स्वतःला 'आढावा' म्हणवतं, पण आतलं काम त्याहून मोठं आहे. नेसम यांनी नव्या जगातले अ‍ॅस्टर एकेक गट करून तपासले: छदांची रचना, फळांचा आकार, पॅपस, पानं, जमिनीखालचं खोड, गुणसूत्रांची संख्या, भौगोलिक विस्तार. मग प्रत्येक गटाला प्रजातीचा दर्जा द्यायचा की नाही हे ठरवलं, आणि जिथे दिला तिथे जुन्या साहित्यातून वैध नाव शोधून काढलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिम्फायोट्रायकम हे नाव नेसम यांनी तयार केलेलं नाही. ते नीस फॉन एझेनबेक या जर्मन शास्त्रज्ञाचं, १८३२ चं. युरिबिया कासिनीचं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. आयोनॅक्टिस आणि ओक्लेमिना ही एडवर्ड ग्रीनची नावं. म्हणजे अ‍ॅस्टर फोडायची कल्पना जुनीच होती. तो पूर्ण आणि सुसंगत रीतीने कुणी फोडला नव्हता, ते नेसम यांनी केलं.

सिम्फायोट्रायकम या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'जोडलेले केस'. पॅपसचे केस तळाशी जुळलेले आहेत असं नीसला युरोपातल्या एका बागेतल्या झाडावर वाटलं, त्यावरून बहुधा हे नाव पडलं. आज या प्रजातीत सुमारे ९० जाती आहेत आणि 'जुळलेले केस' ही त्यांची ओळख मुळीच नाही. तरी नाव कायम आहे, कारण नामकरणाच्या नियमावलीप्रमाणे नाव वर्णनाला शोभत नाही या कारणाने ते टाकता येत नाही. नाव म्हणजे व्याख्या नव्हे. एखाद्या दुबळ्या मुलाचं नाव भीम ठेवलं तरी रेशनकार्डावर ते तसंच राहतं.

नऊच्या आकड्याची फसवणूक

लेखातला माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग गुणसूत्रांचा आहे.

युरोप-आशियातल्या खऱ्या अ‍ॅस्टरमध्ये गुणसूत्रांची मूळ संख्या ९ असते. युरिबिया आणि डोलिंजेरिया या अमेरिकी गटांतही ९. सिम्फायोट्रायकममध्ये मात्र काही जातींत ८, काहींत ७, काहींत ५. आता तुम्ही गट कसे पाडाल? साधा विचार सांगतो: ९ वाले एकत्र ठेवा, ८ वाल्यांचा एक गट, ५ वाल्यांचा एक.

हा साधा विचार दोन्ही बाजूंनी चुकतो. ९ ही जुनी, पूर्वजांकडून आलेली संख्या आहे. ती ज्यांनी बदलली नाही ते सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक ठरत नाहीत. आजोबांच्या काळचं पितळी तपेलं दोन चुलत घरांत सापडलं, म्हणून ती घरं सख्ख्या भावांची होत नाहीत. आणि ५ ही संख्या वेगळी दिसते म्हणून ५ वाल्यांना वेगळी प्रजाती द्यायची, तर ते ८ वाल्यांच्या कुटुंबातूनच निघालेले असू शकतात.

असं प्रत्यक्षात घडलंसुद्धा. 'न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर' ही जांभळ्या फुलांची सुंदर जाती ५ वाल्यांपैकी. पेशीतली एकूण गुणसूत्रं १०. लिनीअसने १७५३ मध्ये तिला अ‍ॅस्टर नोव्ही-अँग्ली म्हटलं. १९८० मध्ये सेंपल आणि ब्रूये यांनी तिला लासालिया प्रजातीत नेलं. लगेचच रिव्हील आणि कीनर यांनी दाखवलं की त्या गटाला व्हर्ग्युलस हे आणखी जुनं नाव उपलब्ध आहे, म्हणून ती व्हर्ग्युलस झाली. आणि नेसम यांनी या ५ वाल्यांना पुन्हा ८ वाल्यांबरोबर ठेवून सिम्फायोट्रायकम केलं. पंधरा वर्षांत तीन आडनावं. बागकाम करणारे वैतागले यात नवल नाही.

पण तिन्ही बदल एकाच जातीचे नाहीत, हे नीट बघा. लासालियाचं व्हर्ग्युलस होणं ही निव्वळ कागदपत्रांची दुरुस्ती होती: गट तोच, फक्त जुनं वैध नाव सापडलं. अ‍ॅस्टरचं लासालिया होणं आणि व्हर्ग्युलसचं सिम्फायोट्रायकम होणं हे नात्याबद्दलचे दावे होते. पहिला बदल ग्रंथालयात ठरतो. दुसरा वनस्पतीकडे बघून ठरतो, आणि तो खोटा ठरू शकतो. 'नावं बदलणं म्हणजे रिसर्च का' या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: जो बदल खोटा ठरू शकतो तो रिसर्च.

उत्तर बरोबर, पण रीत?

नेसम यांचे दावे खोटे ठरले का? पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, नोयेस आणि रीजबर्ग यांनी अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनीत डीएनएच्या आयटीएस या तुकड्यावर आधारित वंशवृक्ष मांडला. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा, की या गणातल्या उत्तर अमेरिकी वनस्पतींचा उगम एकच आहे, आणि जुन्या व्यापक अ‍ॅस्टरमध्ये भूगोलानुसार खोल फटी आहेत. सोप्या भाषेत, अमेरिकेतला 'अ‍ॅस्टर' हा युरोपातल्या अ‍ॅस्टर अमेलसपेक्षा अमेरिकेतल्याच पिवळ्या गोल्डनरॉडच्या जास्त जवळचा आहे. रूपाने जुळ्या बहिणी, रक्ताने लांबच्या. माळ्यावरचा संसार खरोखरच वेगवेगळ्या घरांचा निघाला. २००६ मध्ये फ्लोरा ऑफ नॉर्थ अमेरिकाच्या विसाव्या खंडाने हीच विभागणी स्वीकारली आणि नवी नावं रुळली.

पण सगळं टिकलं असंही नाही. डोलिंजेरियात नेसम यांनी अमेरिकी जातींबरोबर पूर्व आशियातल्या काही जाती ठेवल्या होत्या. त्यातलीच एक कोरियात भाजी म्हणून आवडीने खातात. रूपाचं साम्य होतंच. डीएनएने मात्र या आशियाई जाती खऱ्या अ‍ॅस्टरजवळ नेऊन ठेवल्या, आणि ती भाजी आज पुन्हा अ‍ॅस्टर स्केबर आहे. ज्या चुकीसाठी जुना अ‍ॅस्टर मोडला, म्हणजे वरवरच्या साम्यावरून नातं ठरवणं, तीच चूक नव्या मांडणीच्या एका कोपऱ्यात शिल्लक राहिली होती.

यासाठी नेसम यांना झोडपणं अन्यायाचं होईल. १९९४ मध्ये या गटाचा डीएनए पुरावा नुकता कुठे येऊ लागला होता. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखाचा कणा अनुभवी डोळ्याने केलेली तुलना हा आहे. कोणत्या गुणधर्माला किती वजन दिलं आणि का, हे वाचकाला पावलापावलाने स्वतः करून बघता येत नाही. एका गटात पॅपस निर्णायक ठरतो, दुसऱ्यात छदं, तिसऱ्यात जमिनीखालचं खोड. ज्याने हजारो नमुने हाताळले आहेत त्याला हे जमतं, आणि नेसम यांना जमलं. पण तुम्ही-आम्ही ते तपासायचं कसं? आपण फक्त विश्वास ठेवू शकतो किंवा नाही ठेवू शकत.

आणि याला नामकरणाचा स्वभाव जोडला की अडचण वाढते. लेखाच्या मजकुरात 'कदाचित', 'सध्या तरी' असं लिहिता येतं. नावात 'बहुधा' लिहायची सोय नाही. भक्कम पुराव्यावर उभी प्रजाती आणि तात्पुरती केलेली प्रजाती, दोन्ही यादीत सारख्याच ठसठशीत तिरप्या अक्षरांत छापल्या जातात. आपण यादी वाचतो, लेख वाचत नाही. त्यामुळे लेखकाची शंका त्याच्यापाशीच राहते आणि त्याचा आत्मविश्वास तेवढा आपल्यापर्यंत पोचतो.

'नाव वाचवता आलं असतं ना?'

हा आक्षेप बागकामवाल्यांकडून येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. अ‍ॅस्टर हे नाव कुणाकडे राहावं? नियम असा की प्रजातीचं नाव तिच्या टाइपबरोबर, म्हणजे नाव ज्या जातीला बांधलेलं आहे तिच्याबरोबर जातं. अ‍ॅस्टरचा टाइप आहे युरोपातला अ‍ॅस्टर अमेलस. म्हणून नाव जुन्या जगात राहिलं आणि अमेरिकेने गमावलं.

पण टाइप बदलता येतो. त्यासाठी प्रस्ताव लागतो, समित्या लागतात आणि आंतरराष्ट्रीय काँग्रेसची मान्यता लागते. आपल्या शेवंतीचं असंच झालं. क्रिसँथेममचा जुना टाइप वेगळा होता, त्यामुळे बाजारातल्या शेवंतीला डेंड्रँथेमा म्हणायची वेळ आली होती. १९९९ मध्ये टाइप बदलून क्रिसँथेमम इंडिकम केला गेला आणि शेवंतीला तिचं नाव परत मिळालं.

उलट उदाहरण आपल्या बांधावरच उभं आहे. अकेशिया या प्रजातीचा मूळ टाइप म्हणजे आपली बाभूळ. पण या नावाखाली ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात होत्या. २००५ मध्ये व्हिएन्नात टाइप बदलून ऑस्ट्रेलियन जातीला दिला गेला, आणि बराच वाद होऊन २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कटेचू. आणि कोकणात रस्त्याकडेला लावलेली परकी ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ऐटीत अकेशिया. नावाचा मूळ मालक बेघर झाला आणि पाहुणा मालक झाला. मतमोजणीत कुठल्या देशात किती जाती आणि कुणाचा आवाज मोठा, याचाही भाग असतो. नामकरण फक्त शास्त्राने चालतं असं कुणी सांगितलं तर त्याला ही बाभूळ दाखवा.

मग अमेरिकेने अ‍ॅस्टरसाठी असं का करू नये? मला वाटतं गणित जुळलं नसतं. अमेरिकी जाती एका नव्हे, डझनभर प्रजातींत विखुरल्या. टाइप हलवला असता तरी फक्त सिम्फायोट्रायकमच्या सुमारे ९० जातींचं नाव वाचलं असतं. युरिबिया, डोलिंजेरिया वगैरेंना ते गमवावंच लागलं असतं. आणि युरोप-आशियातल्या सुमारे १८० जातींना नवी नावं शोधावी लागली असती. म्हणजे या ठिकाणी जुना टाइप ठेवणं हाच कमी उपद्रवाचा मार्ग होता. नेसम यांच्यावरचा हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

सोपं झालं, अवघड राहिलं

आता एशा ग्रे यांच्याकडे परत येऊ. ते अडले होते जातींच्या सीमांवर. सिम्फायोट्रायकम हे नाव दिल्याने त्या सीमा एका रेषेनेही स्पष्ट झाल्या नाहीत.

सिम्फायोट्रायकम लँसिओलेटम बघा. यात गुणसूत्रांची संख्या ३२ पासून ६४ पर्यंत जाते, म्हणजे मूळ ८ च्या चौपटीपासून आठपटीपर्यंत. त्यातच शेजारच्या जातींशी संकर. १९८७ मध्ये सेंपल आणि क्मिएलेव्स्की यांनी शेकडो मोजमापांचं सांख्यिकी विश्लेषण करून या गटाची पुनर्मांडणी केली आणि आधी वेगळ्या मानलेल्या जाती एकाच जातीत आणल्या. मोजमापं उघडी, रीत उघडी. पटलं नाही तर तुम्ही स्वतः झाडं मोजून भांडू शकता. नेसम यांच्या लेखात मला जे सापडलं नाही ते इथे आहे.

डीएनए आला म्हणजे हाही प्रश्न सुटला असेल असं वाटू शकतं. २००९ मध्ये वाएझी आणि ब्रूये यांनी सिम्फायोट्रायकमचा वंशवृक्ष काढला. त्या लेखाचं शीर्षकच सांगतं की अभ्यास फक्त द्विगुणित जातींचा आहे. निवड शहाणपणाची आहे, कारण बहुगुणित जातींत दोन-दोन पूर्वजांचा वारसा मिसळलेला असतो आणि फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाच्या चित्रात तो बसत नाही. पण ग्रे यांना छळणाऱ्या जातींपैकी कितीतरी नेमक्या बहुगुणितच आहेत. एखादा लेख वाचताना त्यात काय आहे याइतकंच, कुणाला बाहेर ठेवलंय तेही बघत जा.

आणि हे फक्त पंडितांचं भांडण नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात 'जॉर्जिया अ‍ॅस्टर' नावाची जाती आहे, सिम्फायोट्रायकम जॉर्जियानम. वणव्याने मोकळ्या राहणाऱ्या ओक-पाइनच्या रानांत ती वाढायची. वणवे थांबले, रानं दाट झाली, आता ती बरीचशी रस्त्यांच्या कडेला आणि विजेच्या तारांखालच्या साफ पट्ट्यांत उरली आहे. तिची जवळची नातेवाईक सिम्फायोट्रायकम पेटन्स मात्र भरपूर पसरलेली आहे. काही अभ्यासकांनी जॉर्जियानमला पेटन्सचाच एक प्रकार मानलं होतं. पेटन्समध्ये गुणसूत्रं १० किंवा २०, जॉर्जियानममध्ये ५०. या फरकामुळे तिला स्वतंत्र जाती मानायला आधार मिळाला. १९९९ मध्ये ती संकटग्रस्त यादीसाठी उमेदवार ठरली, आणि २०१४ मध्ये जमीनमालक संस्थांबरोबर संवर्धन करार झाल्यावर यादीत घालण्याची गरज नाही असा निर्णय झाला. तो करार होण्याआधी कुणीतरी तिच्या वस्त्या मोजल्या होत्या. ज्याला वेगळं नाव नाही त्याची वेगळी मोजणी सहसा कुणी करत नाही. 'पेटन्स, भरपूर आहे' असं लिहून सर्वेक्षणवाला पुढे गेला असता.

म्हणून नेसम यांच्या लेखावरचं माझं मत असं: प्रजातींची मांडणी म्हणून तो मोठा आणि धाडसी आहे, आणि काळाने त्याला बरंचसं बरोबर ठरवलं. पण या लेखामुळे 'अ‍ॅस्टरचा प्रश्न सुटला' असं जे बोललं जातं, ते चूक आहे. आडनावाचा प्रश्न सुटला. त्या घरात माणसं किती, हा प्रश्न ग्रे यांनी सोडला तिथून थोडाच पुढे सरकलाय.

तुमच्या कामाचं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गुणसूत्रांवर सेमिनार दिला. सिम्फायोट्रायकम टाकून शोध घेतला, मिळालेले लेख वाचले आणि ठामपणे सांगितलं की या विषयावर जुनं काम फारसं नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, '१९९४ च्या आधी ही झाडं नव्हती का?' सगळे हसले. मी अ‍ॅस्टर नावाने शोधलंच नव्हतं. दशकांचं काम माझ्या नजरेतून निसटलं होतं.

तेव्हापासून मी एक युक्ती वापरते. जातीच्या नावामागे शास्त्रज्ञांची नावं असतात ना, त्यात कंसाकडे बघायचं. सिम्फायोट्रायकम नोव्ही-अँग्लीच्या मागे कंसात 'एल.' आणि बाहेर 'जी. एल. नेसम' असतं. कंसातला एल. म्हणजे लिनीअस, ज्याने पहिलं नाव दिलं. बाहेरचा नेसम, ज्याने नव्या प्रजातीत नेलं. कंस म्हणजे सांगणं की या जातीला माहेरचं नाव आहे. जुनी कागदपत्रं माहेरच्या नावावर असतात, त्या नावानेही शोधा.

सालाचंही बघा. फायटोलॉजियाच्या त्या अंकावर १९९४ छापलंय, प्रत्यक्षात तो १९९५ च्या सुरुवातीला बाहेर पडला. म्हणून काही याद्यांत नेसम यांच्या नावांपुढे १९९५ दिसतं. कुणाचं नाव आधीचं यावर वाद झाला तर छापलेली तारीख चालत नाही, अंक खरोखर वाटला गेला ती तारीख चालते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना जपा. तुम्ही गुणसूत्रं मोजा, रसायनं काढा किंवा डीएनए वाचा, पण ज्या झाडावर काम केलं त्याची वाळवलेली शीट हर्बेरियममध्ये जमा करा आणि तिचा क्रमांक लेखात द्या. नाव उद्या बदलेल. शीट असेल तर तुमचं काम नव्या नावाखाली आपोआप जाऊन बसेल. शीट नसेल तर तुमचं काम नेमकं कुठल्या झाडाचं होतं, हे कुणालाच कळणार नाही.

या आठवड्यासाठी एक छोटा अभ्यास. कॉलेजच्या हर्बेरियममध्ये बाभळीची एखादी जुनी शीट शोधा. तिच्यावरची नावं वरपासून खालपर्यंत वहीत लिहा: मूळ लेबल, नंतर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. प्रत्येक बदलापुढे एवढंच लिहा, हा ग्रंथालयातला बदल की झाडाकडे बघून केलेला? काही चिठ्ठ्यांचं उत्तर मलाही पटकन देता आलं नव्हतं. तुमच्याकडे तशी चिठ्ठी निघाली तर तिच्याबद्दल जरूर लिहा, पुढच्या पोस्टमध्ये तिथूनच सुरुवात करू.